तोंड कुणी लावलं, मारलं कुणी

बेळगाव जिल्ह्यातल्या रायबागकडच्या एका शेतात बकरी बसवली होती. आमच्या भागात मेंढरांनाच बकरी म्हणतात. खतासाठी शेतकरी धनगराला बोलावतो आणि कळप चार रात्री त्याच्या रानात मुक्कामाला असतो. तिसऱ्या दिवशी पहाटे तीन बकरी मरून पडलेली आणि एक कोकरू गायब. मी एका जुन्या विद्यार्थिनीच्या घरी गेले होते म्हणून तिथे पोचले, इतकंच. बांधावर गर्दी जमली होती. वनखात्याचा गार्ड आला होता, गुरांचे डॉक्टर यायचे होते. गार्डचं म्हणणं, ही कुत्र्यांची करणी. धनगर ते मान्य करायला तयार नव्हता. तो मला म्हणाला, "कुत्र्याचं काम न्हवं बाई हे. कुत्रं फाडतंय, उचलून न्हेत न्हाई. मग कोकरू गेलं कुठं?"

वाद वरवर दिसतो तितका साधा नव्हता. लांडगा हा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या, अनुसूचीतला प्राणी. त्यानं बकरं मारलं तर वनखात्याकडून भरपाई मागता येते. गावच्या कुत्र्यांनी मारलं तर त्या दारात उभं राहता येत नाही. म्हणजे जखमेवरच्या दातांचा मालक कोण, यावर एका घराचं वर्षाचं गणित अवलंबून होतं. तेवढ्यात मोबाइलवर शूटिंग करणारा एक पोरगा म्हणाला, "वाद कशाला घालताय? डीएनए करा की!" आणि सगळे माझ्याकडे बघू लागले. प्राणिशास्त्र शिकवणारी बाई आहे, पर्समधून डीएनए काढून दाखवील, असं काहीसं त्या नजरांत होतं.

मी विचारलं, सकाळपासून इथे कुत्री आली होती का? आली होती. दोनदा हाकलली होती. एकानं तर मानेजवळ तोंडही घातलं होतं. मग जखमेवरून पुसून घेतलेल्या लाळेच्या बोळ्यात कुत्र्याचा डीएनए हमखास सापडला असता, आणि त्या कागदाच्या जोरावर धनगराचा दावा कायमचा निकालात निघाला असता. डीएनए तोंड कुणी लावलं ते सांगतो. मारलं कुणी, हे सांगणं त्याचं काम नाही. ते पावलांवरून, रक्त कुठे सांडलं आणि कुठे नाही यावरून, ओढत नेल्याच्या खुणेवरून आणि गायब झालेल्या कोकरावरून ठरवावं लागतं. थोडक्यात, डोळ्यांनी.

हे लिहायला बसण्याचं कारण असं की, गेल्या काही वर्षांत 'डीएनए अहवाल आला' हे वाक्य आपल्याकडे देवाचा कौल मिळाल्यासारखं उच्चारलं जातं. शिकारीचा गुन्हा असो, पकडलेलं मांस असो, नवीन बेडकाची बातमी असो. माझं म्हणणं असं आहे की डीएनए हा साक्षीदार आहे. फार चांगला साक्षीदार, लाच न खाणारा. पण साक्षीदाराची उलटतपासणी करावी लागते, आणि ती करू शकणारी माणसं आपण वेगानं गमावत आहोत.

उलटतपासणी डोळ्यांचीही व्हायला हवी, हे आधी कबूल करते, कारण माझ्याच डोळ्यांनी मला अनेक वर्षं फसवलं. खानापूरकडच्या झुडपांत सापडणारा हिरवागार, टोकदार नाकाचा हरणटोळ मी वर्गात शेकडो वेळा दाखवला असेल. हा टाळूवर दंश करतो ही समजूत खोटी आहे, हे सांगण्यात माझा अर्धा तास जायचा. फळ्यावर मी लिहायची आहेटुला नासुटा. पुस्तकात तेच होतं, आमच्या गुरुजींनी तेच शिकवलं होतं. 2020 मध्ये संशोधकांनी द्वीपकल्पातल्या हरणटोळांचे डीएनए आणि खवले दोन्ही नीट तपासले, तेव्हा पाच जाती शास्त्राला नव्या निघाल्या आणि खरा नासुटा श्रीलंकेतच राहतो असं ठरलं. आमच्या उत्तर सह्याद्रीतल्या सापाला आता बोरेआलिस म्हणतात. साप तोच, झुडूप तेच. चुकीचं होतं ते माझ्या फळ्यावरचं नाव, आणि नुसत्या डोळ्यांनी ती चूक मला जन्मभर कळली नसती.

नागराजाचंही तसंच. 1836 मध्ये मिळालेल्या नावाखाली भारतापासून फिलिपीन्सपर्यंतचे सगळे नागराज एकच समजले जात. 2021 मध्ये डीएनएनं चार वेगळ्या शाखा दाखवल्या. पण लगेच चार नावं दिली गेली नाहीत, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. संग्रहालयांतले जुने नमुने काढून, अंगावरचे पट्टे मोजून, त्या पट्ट्यांना काळी किनार आहे की नाही हे पाहून, मगच 2024 मध्ये चार जाती जाहीर झाल्या. पश्चिम घाटातल्या जातीचं नाव ठेवलं काळिंगा. हा कन्नड शब्द. भीमगडच्या आसपासच्या वाड्यांवर मराठी माणसंही नागराज म्हणतात आणि काळिंगही म्हणतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. सापाच्या नावावरून अजून मोर्चा निघालेला नाही, हे आमच्या भागात नोंदवून ठेवण्यासारखं आहे.

डोळा अनेकांचं एक करतो तशी उलटी चूकही करतो, एकाचे दोन करतो. दांडेलीकडच्या जंगलात दिसणारा काळा बिबट्या हा वेगळा प्राणी आहे असं मानणारी शिकलेली माणसं मला भेटली आहेत. तो बिबट्याच, एका जनुकातल्या बदलामुळे काळा झालेला, आणि उन्हात नीट पाहिलं तर अंगावरची फुलं दिसतात. 2022 च्या ऑगस्टमध्ये बेळगावच्या गोल्फ मैदानाच्या परिसरात बिबट्या शिरला, तेव्हा आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, हत्ती आणून शोध घ्यावा लागला. त्या दिवसांत शहरातलं प्रत्येक मोठं मांजर आणि अंधारातलं प्रत्येक पिवळं कुत्रं बिबट्या झालं होतं. माझ्या शेजारणीनं स्वतःच्या गच्चीवर बिबट्या पाहिला. सकाळी तिथे रानमांजराची विष्ठा होती. ती विष्ठा तपासायला पाठवली असती तर शेजारणीचा मान गेला असता, म्हणून मी गप्प बसले.

तर डोळा कच्चा आहे, डीएनएशिवाय गत नाही, इथवर कुणाचंच दुमत नसावं. पण डीएनए चुकतो कसा, हे फारसं कुणी सांगत नाही.

प्राणी ओळखण्यासाठी बहुतेक वेळा पेशीतल्या मायटोकाँड्रियाचा डीएनए वापरतात. 2003 मध्ये कॅनडातल्या पॉल हेबर्ट यांनी यातल्याच एका जनुकाच्या सुमारे 650 अक्षरांच्या तुकड्याला प्राण्यांचा बारकोड म्हणावं असं सुचवलं. दुकानातल्या साबणावर असतो तसा. त्याच सुमारास हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेनं सायटोक्रोम-बी नावाच्या जनुकाच्या तुकड्यावरून वन्यप्राणी ओळखायची पद्धत बसवली आणि देशभरातल्या शिकारीच्या प्रकरणांत ती उपयोगी पडली. शिजवलेल्या रश्श्यातलं मांस भेकराचं की बोकडाचं, हे ती सांगू शकते. डोळ्यांना ते कधीही जमलं नसतं, आणि असल्या प्रकरणांत माझं मत सरळ डीएनएच्या बाजूनं आहे.

अडचण अशी की मायटोकाँड्रिया फक्त आईकडून येतात. बापाचा तिथे पत्ता नसतो. समजा लांडगीण आणि गावचा कुत्रा यांचं पिल्लू झालं, तर या तपासणीत ते शुद्ध लांडगा ठरेल. आई कुत्री आणि बाप लांडगा असेल तर शुद्ध कुत्रा. आपल्या सातबाऱ्यावर वर्षानुवर्षं फक्त बापाकडची नावं चढत गेली आणि घरातल्या बायका कागदावरून गायब झाल्या. इथे त्याच्या बरोबर उलट. एकाच बाजूचा उतारा पाहून वारस ठरवायचा म्हटल्यावर घोळ होणारच. पूर्ण जनुकसंचाची तपासणी करून हा घोळ सोडवता येतो, पण ती महाग आणि वेळखाऊ असते.

आणि हे कल्पनेतलं संकट नाही. पुण्याजवळच्या माळरानांवर काही जणांना नेहमीपेक्षा पिवळसर, वेगळ्या अंगाचे लांडगे दिसू लागले. रोज त्याच माळावर फिरणाऱ्या माणसांनाच ते खटकलं. मग केसांचे नमुने गोळा झाले, जनुकसंच तपासला गेला आणि लांडगा-कुत्र्याचा संकर सिद्ध झाला. क्रम लक्षात घ्यावा. आधी डोळ्याला शंका आली, मग डीएनएनं उत्तर दिलं. 'हा रंग आपला नव्हे' असं म्हणणारं माळावर कुणी नसतं, तर प्रयोगशाळेला प्रश्नच विचारला गेला नसता. अथणी, रायबाग, सौंदत्तीकडच्या माळांवर कुत्र्यांची संख्या काय आहे ते आपण रोज बघतो. उद्या इथे तसं पिल्लू निघालं तर ते अनुसूचीतलं म्हणायचं की नाही? त्यानं बकरं मारलं तर भरपाई कशी मागायची? हा प्रश्न कायद्याच्या माणसांनी आत्ताच हातात घ्यायला हवा.

बारकोडचा दुसरा घोळ उंबरठ्याचा. दोन नमुन्यांत अमुक टक्के फरक पडला की जाती वेगळ्या, असा एक ढोबळ नियम वापरला जातो. कुठे दोन टक्के, कुठे तीन. बेडकांत वेगळा, पक्ष्यांत वेगळा. आकडा दिसला की माणूस निर्धास्त होतो. पण रेघ कुठे ओढायची हे आकड्यानं ठरत नसतं, तो आकडा कुणीतरी निवडलेला असतो.

सीमाभागातल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. 1956 पासून आम्ही रेघ कशी ओढावी याचाच वाद ऐकत मोठे झालो. महाराष्ट्राची मागणी कायम चार गोष्टींवर उभी राहिली: खेडं हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकांची इच्छा. त्या मागणीचं पुढे काय झालं हा या लेखाचा विषय नव्हे, आणि 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेल्या दाव्यावर मी मत देणार नाही. पण एकच निकष घेऊन ओढलेली रेघ टिकत नाही, ही अक्कल आमच्या घराघरात आहे. प्राण्यांच्या जाती ठरवणारे शास्त्रज्ञ आता तेच म्हणतात: डीएनए, शरीराची मापं, आवाज, राहण्याची जागा, वागणूक, सगळं एकत्र ठेवा. (जाता जाता: वर्तमानपत्रं ज्याला सरसकट 'प्रजाती' म्हणतात त्याला जुन्या मराठी परिभाषेत 'जाती' म्हणतात, प्रजाती हा त्याच्या वरचा गट. मी जुनंच धरलं आहे. निवृत्त माणसाला एवढी हौस असावी.)

खरा घोळ मात्र तिसराच आहे. डीएनएचा तुकडा वाचला तरी तो कशाशी जुळवायचा? एक संग्रह लागतो, ज्यात आधी नीट ओळखलेल्या प्राण्यांचे तुकडे नावासकट ठेवलेले असतात. ते नाव कुणी लिहिलं? डोळ्यांनी ओळखणाऱ्या माणसानं. तिथे चूक झाली की पुढचे सगळे अहवाल तीच चूक शिक्क्यासकट सांगतात. मी फळ्यावर लिहिलेला नासुटा एखाद्यानं त्या संग्रहात टाकला असता, तर आमचा हरणटोळ आजही श्रीलंकेचाच राहिला असता. डीएनए डोळ्याची जागा घेईल असं म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की तो डोळ्याच्याच खांद्यावर बसलेला आहे.

आमच्या भागाचं वैभव बघा. खानापूर तालुक्यात तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांत राहणारं रॉटनचं वटवाघूळ 1913 मध्ये शास्त्राला कळलं. कित्येक दशकं ते जगात दुसरीकडे कुठे माहीतच नव्हतं. नंतर कंबोडियात आणि मेघालयात सापडलं. 2011 मध्ये भीमगड अभयारण्य झालं, त्यात या एवढ्याशा प्राण्याचा वाटा मोठा. चोर्ल्याच्या परिसरातून 2007 मध्ये एका देवगांडुळाची नोंद झाली, त्याला म्हादई नदीचं नाव दिलं. देवगांडूळ म्हणजे गांडुळासारखा दिसणारा, बिनपायांचा, बेडकांचा दूरचा भाऊबंद. तो ओळखायचा तर अंगावरच्या वळ्या मोजाव्या लागतात, भिंगाखाली, तासन्‌तास. पावसाळ्यात नांगराच्या फाळाला लागून असे किती तुकडे होत असतील आणि 'गांडूळ' म्हणून बाजूला फेकले जात असतील.

त्याच म्हादईच्या पाण्याचा लवाद 2018 मध्ये निकाल देतो आणि कर्नाटकाला 13.42 टीएमसी, असा दोन दशांश स्थळांपर्यंत हिशोब मांडतो. पाणी इतकं काटेकोर मोजणारे आपण, त्या पाण्याकाठच्या जिवांची यादी मात्र 'बेडूक, साप, खेकडे इत्यादी' अशी करतो. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक गावाची लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. मी पाहिलेल्या काही वह्यांत शेजारच्या गावाची यादी जशीच्या तशी उतरवलेली होती, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. एका वहीत तर खानापूरच्या जंगलात आणि पन्नास किलोमीटरवरच्या ऊसपट्ट्यात सारखेच पक्षी. 'इत्यादी' या शब्दाला कायद्याचं संरक्षण मिळत नाही. उद्या खाणीचा किंवा कालव्याचा प्रश्न आला की विरोधी वकील पहिल्यांदा ती वहीच मागणार.

म्हणून पैसे कशावर खर्च करायचे, हा माझ्या मते खरा सार्वजनिक प्रश्न आहे. यंत्रं आणा, जरूर आणा. कोविडच्या दोन वर्षांत आपल्या जिल्ह्यात आरटी-पीसीआर तपासण्या झाल्या. डीएनएच्या ओळखपरेडीतला पहिला टप्पा त्याच कुळातला आहे, ते हात इथे तयार झालेले आहेत. बेळगावात आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची राष्ट्रीय संस्था आहे, विद्यापीठं आहेत. तरीही वन्यप्राण्याचा नमुना बहुधा हैदराबादला नाहीतर डेहराडूनला पाठवायचा, म्हणजे त्यातलं जवळचं ठिकाणसुद्धा 500 किलोमीटरच्या आसपास. पण त्याहून आधीची अडचण म्हणजे नमुना घेतानाच तो खराब होतो. महाविद्यालयात सवयीनं सगळं फॉर्मॅलिनमध्ये बुडवतात. आकार टिकतो आणि डीएनएची वाट लागते. ओलं मांस प्लास्टिकच्या पिशवीत बांधलं की दुसऱ्या दिवशी त्यात जंतूंचाच डीएनए जास्त. केस, पिसं आणि वाळवलेला लाळेचा बोळा कागदी पाकिटात, मांसाचा तुकडा कडक अल्कोहोलमध्ये, वर तारीख, जागा, घेणाऱ्याचं नाव. एवढं कळायला कोटीचं यंत्र लागत नाही. एक दिवसाचं शिबिर आणि शंभर रुपयांचं सामान पुरतं.

आणि डोळ्यांवरही पैसे घाला. 2014 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं पदवीच्या वर्गांतली प्राण्यांची चिरफाड बंद केली. निर्णय योग्यच होता. बेडकांचा तो रतीब मला कधीच बघवला नाही. पण त्या जागी मुलांना रानात नेऊन ओळखायला शिकवणं आलं पाहिजे होतं. बहुतेक ठिकाणी त्या जागी पडद्यावरची चित्रफीत आली. कपाटातल्या बरण्यांवरची लेबलं पुसट झाली, आणि जागा हवी म्हणून बरण्याच टाकून दिलेल्या मी पाहिल्या आहेत. त्यातल्या एकेका बरणीत पन्नास वर्षांपूर्वीच्या आमच्या ओढ्यातला मासा होता. आज त्या ओढ्यात काय नाही, हे सांगणारा तेवढाच पुरावा.

मला विचाराल तर पंचनाम्याच्या कागदावर दोन रकाने हवेत. एकात डोळ्यांनी काय दिसलं: जखम कुठे, पाऊल कसलं, ओढलं की जागीच खाल्लं, आमच्या आधी तिथे कोण येऊन गेलं. दुसऱ्यात नमुना काय घेतला आणि कुठे पाठवला. पहिला रकाना भरताना धनगराचं म्हणणं त्याच्याच शब्दांत लिहावं, कानडीत बोलला तर कानडीत. कुरुबर, म्हणजे कानडी धनगर, म्हाताऱ्यांना 'तोळ' (लांडगा) कसा चालतो आणि 'नायी' (कुत्रं) कशी चालते यातला फरक पावलात दिसतो. तो ज्ञानकोशात नाही आणि त्यांच्या नातवांनाही येत नाही. यावर एक आक्षेप येईल, तो खराही आहे: भरपाई मिळणार असेल तर धनगर लांडगाच म्हणणार. म्हणेल. तसा पैसे वाचवायचे असणारा कुत्राच म्हणणार. दोघांच्या मध्ये कुणीतरी तिसरा बोलावा म्हणूनच लाळेचा बोळा हवा, आणि तो कुत्री येण्याआधी, उन्हं चढण्याआधी घ्यायला हवा.

त्या दिवशी पंचनाम्यात 'हिंस्र प्राण्याचा हल्ला' असं मोघम लिहिलं गेलं. बोळा कुणी घेतला नाही, कारण कुणाजवळ नव्हता, माझ्याजवळही नव्हता. मी धनगराला जाताना सांगितलं होतं की पुन्हा असं झालं तर हात न लावता कागदात केस बांधून ठेवा.

पावसाळा संपून धनगराचा वाडा, म्हणजे त्याचं फिरतं बिऱ्हाड, परत उतरला तेव्हा तो विद्यार्थिनीच्या घरी येऊन माझी वाट बघत बसला होता. पटक्याच्या घडीतून त्यानं वर्तमानपत्राची पुडी काढली. वाघुराच्या, म्हणजे बकरी कोंडायच्या जाळ्याच्या, दोरीत अडकलेले केस होते, दहा-बारा. मी भिंग काढून आधी मुळं बघितली. चार केसांना मुळं होती. नुसत्या केसाच्या दांड्यात बहुधा आईकडचाच डीएनए हाती लागतो. मुळं आहेत म्हणजे बापाचाही पत्ता लागू शकतो, हे मी त्याला समजावून सांगितलं. तो हसला. मी पाकिटावर तारीख, गाव, शेताचा नंबर आणि त्याचं नाव लिहिलं.

"आता हे कुठं द्यायचं बाई?" त्यानं विचारलं. पत्त्याची ओळ मी अजून कोरीच ठेवली आहे.